पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण रोज

मत्तयचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं येशूच्या आयुष्याचं पुस्तक, वाचायला घेतलं की निम्मी माणसं पहिल्याच पानावर गळतात, कारण तिथे नुसती वंशावळ आहे, अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, असं करत करत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. माझं उलट आहे, मला ते पान आवडतं, कारण लेखक तिथेच सांगून टाकतो की ज्याची गोष्ट मी सांगतोय तो बाहेरून आलेला नाही, दावीद राजाच्या घरातला, अब्राहामाच्या रक्ताचा ज्यू माणूस आहे. आणि गंमत म्हणजे पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत मध्येच चार बायका येतात, तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. रूथ तर मवाबी, म्हणजे परकी. वंशावळ मिरवायची असती तर ही नावं कुणी घातली नसती राव.

मी ख्रिश्चन नाही, ज्यू तर नाहीच, घरी सोलापूरच्या सिद्धेश्वराचं आणि लहानपण गड्ड्याच्या जत्रेत गेलेलं. शेजारच्या काकू दर नाताळला केकसोबत काहीतरी वाचायला देतात, त्यात एका वर्षी नवा करार आला आणि बरेच महिने टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. काढला तेव्हा डोक्यात आपल्या सगळ्यांच्या असतं तेच होतं, की जुना करार, म्हणजे बायबलचा ज्यूंकडून आलेला भाग, त्यात कडक देव, डोळ्याला डोळा, आणि येशू आला आणि त्याने ते सगळं मोडून प्रेम शिकवलं. मत्तय वाचताना हे टिकतच नाही. पाचव्याच अध्यायात येशू सरळ म्हणतो की मी नियमशास्त्र (मोशेने ज्यूंना दिलेले नियम) रद्द करायला आलोय असं समजू नका.

आणि मत्तयने तर मांडणीच अशी केलीय की ज्यू वाचकाला पावलोपावली मोशे आठवावा, ज्यूंना मिसरच्या फारो राजाच्या गुलामीतून बाहेर काढणारा. फारोने पोरं मारली, इथे हेरोद राजा मारतो. बाळ येशू मिसरला जातं आणि तिथून परत येतं. रानात चाळीस दिवस उपास. मग डोंगरावर चढून, बसून शिकवणं. मोशेची पुस्तकं पाच, मत्तयमध्येही मोठी प्रवचनं पाच, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'येशूने हे बोलणं संपवलं' अशा अर्थाचं एक ठरलेलं वाक्य. हा योगायोग नाही असं बरेच अभ्यासक मानतात, मलाही तसंच वाटतं.

आता त्या गालाचं बघू. 'एका गालात मारली तर दुसरा पुढे करा' यावर आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर जोक होतात, गांधीजींचं नाव घेऊन जास्तच. पण मत्तयमध्ये 'उजव्या गालावर' असं स्पष्ट लिहिलंय. समोरचा उजव्या हाताने मारणारा असेल तर तुमच्या उजव्या गालावर त्याचा उलटा हातच बसणार, म्हणजे ती मारामारी नाही, अपमान आहे, मालकाने नोकराला मारावी तशी. आणि ज्यूंची मिश्ना, म्हणजे पंडितांच्या कायदेचर्चांचा संग्रह, जी साधारण इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाली, तिच्यात याचा चक्क दर आहे, सरळ थोबाडीत मारली तर २०० झूझ (तेव्हाची नाणी) भरपाई, उलट्या हाताने मारली तर ४००, कारण दुखणं कमी असलं तरी अपमान मोठा. त्याच ठिकाणी डोळ्याच्या बदल्यात डोळा काढायचं नाव नाही, तर इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि अपमान अशा पाच गोष्टींचे पैसे मोजायला सांगितलेत. म्हणजे ज्यू पंडितसुद्धा तोच नियम धरून त्यातली माणुसकी शोधत होते. येशू त्यांच्याही पुढे जाऊन म्हणतो की ती भरपाईसुद्धा मागत बसू नका, पण बोलतोय त्याच चर्चेत बसून.

शेजाऱ्यावर प्रेमाचंही तसंच. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर' हे येशूचं वाक्य म्हणून आपण ऐकतो, पण ते मोशेच्या पाच पुस्तकांपैकी लेवीयच्या १९ व्या अध्यायातलं आहे, त्याच्या कितीतरी आधीचं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात त्याला जोडून 'आणि शत्रूचा द्वेष कर' असं येतं, ते मात्र मोशेच्या पुस्तकांत शोधलं तर सापडत नाही. उलट त्यातल्याच निर्गम २३ मध्ये आहे की शत्रूचं गाढव मोकाट फिरताना दिसलं तर त्याच्याकडे नेऊन पोचवा. हिल्लेल नावाचा ज्यू गुरू येशूच्या थोडा आधीचा, त्याची एक गोष्ट तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या पुढच्या चर्चांच्या ग्रंथात, येते. एक परका माणूस शम्माय नावाच्या दुसऱ्या गुरूकडे गेला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळं धर्मशास्त्र शिकवा. शम्मायने हातातल्या मोजपट्टीने त्याला हाकलला. मग तो हिल्लेलकडे गेला, त्याने सांगितलं, जे तुला नको वाटतं ते दुसऱ्याला करू नको, एवढंच शास्त्र, बाकी त्याचा खुलासा, जा आणि शिक. मत्तय ७:१२ मध्ये येशू तेच सरळ बाजूने म्हणतो, लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही वागा, आणि पुढे जोडतो की नियमशास्त्र आणि संदेष्टे ते हेच.

मग तेविसाव्या अध्यायात शास्त्री आणि परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे ज्यू, यांना येशूच्या इतक्या शिव्या का? मला ती भाऊबंदकी वाटते. एकाच बांधावरचे दोन भाऊ जसे एकमेकांना बोलतात तसं परक्याला कुणी बोलत नाही. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ज्यूंचं यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि आता मोशेचा वारसा कुणाचा हा प्रश्न उभा राहिला, मत्तय त्यानंतर दहा-वीस वर्षांनी लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक धरतात. त्या रागाच्या भरातही अध्यायाची सुरुवात 'ते मोशेच्या आसनावर बसलेत, ते सांगतात ते पाळा' अशी आहे! पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दशांश (देवाला दहावा हिस्सा) देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, असं सुनावतो, पण दशांश देऊ नका असं म्हणत नाही, हेही करा आणि तेही सोडू नका. त्रास झाला तो पुढे, भांडण घराबाहेरच्या लोकांच्या हातात गेलं तेव्हा. येशूला शिक्षा देणाऱ्या पिलात या रोमन अधिकाऱ्यासमोरच्या जमावाच्या तोंडी 'त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या पोरांवर' हे जे वाक्य आहे त्याच्या जोरावर युरोपात शतकानुशतकं ज्यूंना छळलं, आणि सगळ्या ज्यूंवर हा दोष टाकता येणार नाही हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे लिहून दिलं ते १९६५ साली. आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत निवांत राहिले, हे त्या मानाने केवढं वेगळं.

बरं, आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटे चौकात जातो, एक दिनार (नाणं) रोज ठरवून मजूर आणतो. परत नऊला जातो, बाराला, तीनला, आणि पार संध्याकाळी पाचला. तिथे अजून काही जण उभेच. तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, असं विचारतो तर ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. आपल्याकडेही सकाळी चौकात डबा घेऊन उभे असलेले गवंडी, बिगारी बघा, दहा वाजून गेले की चेहरे कसे होतात. संध्याकाळी मालक सगळ्यांना एक एक दिनार देतो, पाचला आलेल्यांना सुद्धा, आणि पहाटेचे लोक कुरकुरतात.

यावर प्रवचनं देव कसा दयाळू अशी होतात, होऊ देत. माझी नजर 'संध्याकाळ झाल्यावर' या शब्दांवर अडकली. तो मालक उगाच संध्याकाळी पैसे देत नाहीये. अनुवाद या मोशेच्या पुस्तकात २४ व्या अध्यायात नियमच आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात आहे. लेवीय १९ मध्ये पण आहे, मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका. आणि बघा, मजुरीचं हे वाक्य तेराव्या ओवीत आणि शेजाऱ्यावर प्रेमाचं अठराव्या ओवीत, एकाच पानावर! शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, वजनमाप खरं ठेवा, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, हे सगळं त्याच अध्यायात. म्हणजे तिथलं प्रेम मनातल्या मायेवर भागत नाही, संध्याकाळी हातात पैसे पडले का, हे विचारतं. आमची आई बिड्या वळायची, हजारावर मजुरी, त्यातून छाट काढून बाजूला टाकलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत, आणि पगाराच्या दिवशी 'पुढच्या आठवड्यात बघू' ऐकून ती घरी यायची तेव्हा किराणा दुकानापुढून न जाता मागच्या बोळातून यायची. त्यामुळे असेल, मला डोंगरावरच्या प्रवचनापेक्षा हा द्राक्षमळाच जवळचा वाटतो. नियम मोशेचा, आणि मालक तो पाळून वर पुन्हा विचार करतो की उशिरा आलेल्याच्या घरी पण चूल आहे.

माझ्या एका दोस्ताचे टॉवेलचे पॉवरलूम आहेत, त्याला ही गोष्ट सांगितली. चहा ठेवला खाली आणि म्हणाला, "काय बे, येडा मालक हाय का तो? असं केलं तर उद्या पहाटं कोण येतंय? सगळे पाचलाच येतील की." मी म्हटलं, पहाटेवाल्यांना ठरलेला रोज मिळाला ना, एक पैसा कमी दिला का? तो म्हणाला, "ते खरं हाय, पण तू मशीन चालवून बघ." मग म्हणाला, उचल घेऊन गावाकडे पळालेल्यांचं काय ते तुझ्या मत्तयला विचार. मत्तयने त्याचं काही लिहिलेलं नाही. मग वायंडिंगवाल्या बायकांचा हिशोब राहिलाय म्हणून तो वही काढून बसला, शनिवार होता.