खिंडीतले चार दिवस

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या खेळात बर्फाची खिंड ओलांडण्याचा प्रवास मी गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि नियम चालवणारी म्हणून, पहिल्यांदा चालवला, तेव्हा पाचव्या आवृत्तीतले २०१४चे नियम जसेच्या तसे वापरले. तापमान उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याखाली गेलं की दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या काटकपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून बचावण्यासाठीचा वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा आणि काटकपणाची भर यांची बेरीज १० किंवा जास्त आली तर निभावलं, नाहीतर एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पायरी चढायची. पण अंगावर जाड कोट, हातमोजे असा थंडीचा पोशाख असेल तर फासा टाकायचाच नाही. माझ्या चारही खेळाडूंनी निघण्याआधीच तो पोशाख घेतला होता. मी वारा, धुकं, भुरभुरणारा बर्फ सांगत राहिले आणि टेबलावर कुणालाच थंडी वाजली नाही.

मग नदीवरचा बर्फ फुटला आणि आमचा धनुर्धर पाण्यात पडला. नियमानुसार त्याचा कॉन्स्टिट्यूशन १४ म्हणजे १४ मिनिटं तो गोठत्या पाण्यात काही न होता राहू शकतो. मला ते पटेना. कपडे चिंब झाले म्हणजे पोशाखाचा फायदा गेला, असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि तो दर तासाला फासा टाकू लागला. त्याला +२ मिळत होते, म्हणजे हरण्याची शक्यता ३५ टक्के. पाच तासांत तो तिसऱ्या पायरीवर पोचला. तिथून सगळे सेव्हिंग थ्रो डिसॲडव्हांटेजने, दोन फाशांतला लहान आकडा धरायचा. हरण्याची शक्यता एकदम ५८ टक्क्यांच्या आसपास. पुजारिणीने मंत्र म्हणून त्याचे हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद मोजणारे गुण) भरून काढले, पण एक्झॉशन तसंच राहिलं, कारण ते उतरतं लाँग रेस्टने, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीने, रात्रीत फक्त एक पायरी, तेही पोटात अन्नपाणी असेल तर. सहाव्या पायरीला मृत्यू. चौथीवर मी सेशन थांबवलं.

तो खेळाडू गप्प झाला होता. कॅरेक्टर मरेल याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. गेल्या तासाभरात त्याच्याकडे ठरवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, हे त्याला लागलं होतं. कोट कोरडा तर थंडीच नाही आणि कोट ओला तर नुसते फासे, मधे माणसाला जागाच नाही. नियमांतली खरी उणीव ही आहे, असं मला आजही वाटतं.

मग मी खऱ्या थंडीबद्दल वाचायला बसले. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. आधी कुडकुडणं, मग बोटं ऐकत नाहीत, जीभ जड होते, निर्णय चुकू लागतात. कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते बरं वाटण्याचं नव्हे, धोक्याचं लक्षण. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढतं. जोर लावून चाललं तर घामाने आतले कपडे भिजतात. आणि हिमदंश झालेली बोटं पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देऊन सैल करायची नाहीत, कारण दुसऱ्यांदा गोठल्यावर इजा आणखी वाढते. यातली प्रत्येक गोष्ट वाचताना वाटे, इथे खेळाडूला काहीतरी ठरवता येईल.

म्हणून नियम बदलले. फासा तासाला नाही, तीन तासांनी. कपड्यांच्या तीन अवस्था: कोरडे असतील तर सूट, ओलसर असतील तर साधा थ्रो, चिंब असतील तर डिसॲडव्हांटेज. तिसऱ्या पायरीचा डिसॲडव्हांटेज थंडीच्या थ्रोला लावायचा नाही. शेकोटीपाशी दोन तास थांबून कपडे सुकवले तर दिवसातून एकदा एक पायरी कमी. हिट पॉइंट शून्यावर जाऊन वाचला त्याला दुखापतीचं एक कार्ड, आणि मंत्राने हिट पॉइंट भरले तरी ते कार्ड छपराखाली पोचेपर्यंत हातात राहणार.

आम्ही नदीपासूनच पुन्हा सुरुवात केली. उजेड जाईल हे माहीत असून तिघांनी खडकाआड शेकोटी पेटवली. दुसऱ्या दिवशी लांडग्यांनी गाठलं, चोराचा गुडघा मोडला, त्याला स्लेजवर बांधावं लागलं. योद्धा ओढत होता. मी विचारलं, घाम येतोय, काय करणार? त्याने आतला एक थर काढला आणि वेग निम्मा केला. त्याने एक मुक्काम वाढला, शिधा कमी पडू लागला. धनुर्धराची दोन बोटं पांढरी पडली होती. पुजारिणीला ती कोमट पाण्यात धरायची होती, योद्ध्याचं म्हणणं, उद्या परत बर्फातच चालायचंय. वीस मिनिटं वाद चालला. मी एक शब्द बोलले नाही. बोटं तशीच ठेवायची ठरली.

तिसऱ्या रात्री धनुर्धराचा थ्रो हरला. मी त्याला चिठ्ठी दिली. ती वाचून त्याने कॅरेक्टरच्या आवाजात शांतपणे सांगितलं, "आता मला थंडी वाजत नाहीये." पुजारीण खेळणारी ताडकन उठली आणि म्हणाली, सगळ्यांची पांघरुणं इकडे द्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते खिंडीपलीकडच्या मठात पोचले, चौघेही जिवंत. धनुर्धराची दोन बोटं गेली. त्याने ते कॅरेक्टर शीटवर लिहिलं आणि विचारलं, आता धनुष्य कुठल्या हाताने ओढू? पुढच्या सेशनला आम्ही तिथूनच सुरू करणार आहोत.