"येतो" म्हणून लोक जातात

माझा लेक सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. माझा भाऊ घरी आलेला, निघताना दारात चपला घालत म्हणाला "चला, येतो" आणि गेला. लेक जाऊन खिडकीपाशी उभा राहिला, पाऊण तास, जेवायला हाक मारली तरी हलेना, शेवटी रडायलाच लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मामा "येतो" म्हणालाय म्हणून हा वाट बघतोय. "जातो" म्हणू नये हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाकीची मुलं ते कुठून तरी उचलतात, याला सांगावं लागतं.

आता तो चौदाचा आहे. ऑटिस्टिक आहे, मराठीत स्वमग्न म्हणतात. परवा एका छोट्या मुलाच्या आईचा फोन आला, "ताई, तुमचा बोलायला कधी लागला?" आणि मला पटकन उत्तरच देता येईना. कारण तो अडीच वर्षांचा असल्यापासून बोलतच होता, ते बोलणं आहे हे कळायला मलाच वेळ लागला.

तहान लागली की तो म्हणायचा "तुला पाणी हवंय?" कारण पाणी मिळायच्या आधी हे वाक्य येतं, म्हणून पाणी हवं असेल तर हेच वाक्य म्हणायचं, किती सरळ आहे! मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमबद्दल ११ मुलांवर जो पहिला मोठा लेख लिहिला त्यात हेच आहे, मुलं "मी"च्या जागी "तू" म्हणतात आणि "हो" म्हणायचं असेल तर प्रश्नच परत म्हणतात. आपल्या मराठीत अजून एक भर पडते. दिवसभर माझंच ऐकायचा, त्यामुळे "मी आले", "मी जेवते" असंच बोलायचा. बिल्डिंगमधले लोक हसायचे, मोठी माणसं सुद्धा, मुद्दाम बोलायला लावायचे. त्याचा मला अजून राग येतो.

ऐकलेलं वाक्य असं जसंच्या तसं परत म्हणण्याला एकोलेलिया म्हणतात. आम्ही सुरुवातीला जिथे थेरपीला जायचो तिथे सांगितलं की ही पोपटपंची आहे, थांबवा, कॉपी केलं की लक्ष देऊ नका. आम्ही आठ महिने ते केलं आणि तो जवळजवळ गप्प झाला. नंतर भेटलेल्या थेरपिस्टने आधी एकच गोष्ट विचारली, हे वाक्य त्याने पहिल्यांदा कुठे ऐकलं? तिनेच सांगितलं की प्रिझंट आणि डचन या संशोधकांनी १९८१ मध्येच चार मुलांचं असं बोलणं तपासून त्याचे ७ प्रकारचे उपयोग दाखवले होते, आपली पाळी घेणं, मागणं, होकार देणं, स्वतःला सावरणं वगैरे. म्हणजे माझ्या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधी!

मग मी वाक्यांचा माग काढायला लागले. डेंटिस्टच्या खुर्चीत बसवलं की तो एकसारखं म्हणायचा, "कृपया पायदान आणि फलाटामधील अंतरावर लक्ष द्या". अगदी लोकलमधल्या त्या बाईंच्या आवाजात, त्याच चालीत. डॉक्टरांना वाटलं खेळतोय. पण मला आठवलं, लहानपणी ठाण्याला गाडीतून उतरताना त्याचा पाय त्या फटीपाशी अडकता अडकता राहिला होता आणि वरून तेव्हाच ही घोषणा चालू होती. तो "मला भीती वाटतेय" म्हणत होता हो! मी हात धरला, म्हटलं "अंतर आहे, पण मी धरलंय", आणि त्याने तोंड उघडलं.

आता स्वतःची वाक्यं भरपूर आहेत, पण गप्पा अवघडच. कोणी "काय म्हणतोस?" विचारलं की "मी काहीच म्हटलं नाही" असं खरं खरं उत्तर देतो आणि लोकांना ते उद्धट वाटतं. प्रश्न विचारल्यावर त्याला वेळ लागतो, मी मनात दहापर्यंत मोजते, बहुतेक वेळा आठ-नऊला उत्तर येतं, पण लोक तिसऱ्या आकड्यालाच दुसरा प्रश्न टाकतात आणि त्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आणि त्याचा तो मित्र! तोही ऑटिस्टिक. दर शनिवारी येतो, दोघं एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी बसतात, एक पंधरा डब्यांच्या लोकलबद्दल बोलतो, दुसरा सीलिंग फॅनच्या मॉडेलबद्दल, मध्येच पाच मिनिटं शांतता, मग परत. कोणी कोणाला तोडत नाही. संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, तर सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली, दोन्ही प्रकारची माणसं मिसळलेल्या साखळीत जास्त गळली. ती मोठी माणसं होती, पण माझ्या हॉलमध्ये मला तेच दिसतं.

गेल्या शनिवारी मित्र निघाला. दारात बुटाची लेस बांधली, माझ्या लेकाच्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत म्हणाला, "जातो. शनिवारी साडेचारला येतो." लेक म्हणाला "बरं", आणि खिडकीकडे न जाता सरळ जेवायला बसला.