लिबरेटरचं इन्स्ट्रुमेंट पॅनल कोकणच्या हवेत करायचं तर

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरच्या घड्याळांच्या फळीची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट पॅनलची, हलत्या काट्यांची प्रतिकृती घरी करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ब्रिटिश लँकेस्टर येतं. माझं मत अमेरिकन बी-२४ लिबरेटरला. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली ही विमानं एचएएलने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती थेट १९६८ पर्यंत उडवली. म्हणजे हे पॅनल आपल्या वैमानिकांनीही हाताळलेलं आहे.

मोजमापापासून सुरुवात करा, रंगापासून नको. अमेरिकन पद्धतीच्या मोठ्या घड्याळाचं (वेळेचं नव्हे, वेग-दाब दाखवणाऱ्या गोल मापकाचं) भोक ३ १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिमी. त्याच्या चार स्क्रूंची केंद्रं ८८.९ मिमी व्यासाच्या वर्तुळावर येतात. त्या चार केंद्रांनी होणाऱ्या चौरसाची बाजू ६२.९ मिमी. हा चौरस दोन मिमीने जरी चुकला तरी जाणकाराच्या नजरेला पॅनल लगेच खोटं वाटतं. आधी चार स्क्रूंची भोकं पाडा, मग मोठं भोक. उलट केलंत तर केंद्रबिंदूच कापला जातो आणि आखणीला आधार उरत नाही. नकाशा प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, कागदावर १०० मिमीची रेघही छापून घ्या आणि पट्टीने मोजा.

पत्रा ३ मिमी अॅल्युमिनियमचा, शक्यतो ५०५२ ग्रेडचा, कारण तो खाऱ्या हवेत बरा टिकतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेऊच नका. रत्नागिरी-मालवणकडे पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि भोकांचा गोल बिघडतो. ७९ मिमीचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, बाजारात मिळतो. पत्र्याखाली प्लायवूड घट्ट आवळा, वेग कमी ठेवा, मधूनमधून रॉकेलचे दोन थेंब सोडा. कोरडं कापलं तर अॅल्युमिनियम दातांत चिकटतं, सॉ हादरतो आणि भोक अंडाकृती होतं. उरलेला अर्धा मिमी अर्धगोल कानशीने काढा.

घड्याळाच्या डब्यासाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप पुरतो. ९० मिमीचा घेतलात तर त्याची भिंत नेमकी स्क्रूंच्या जागी येते.

चार इंजिनं असली तरी मॅनिफोल्ड प्रेशरची (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाची) घड्याळं दोनच, आरपीएमचीही दोनच. प्रत्येकात दोन काटे, वर १ आणि २ किंवा ३ आणि ४ असे आकडे. त्यासाठी एकात एक दोन दांड्या असलेली व्हीआयडी-२८ जातीची स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी फिरणारी) लागते. साध्या एका काट्याच्या घड्याळाला एक्स२७.१६८ चालते: ३१५ अंश फिरते, अंशाला तीन स्टेप, एकूण ९४५. कॉईल साधारण २८० ओहमची असल्याने ५ व्होल्टला १८ मिलिअँपिअर घेते, म्हणून लोक ती थेट आर्डुइनोच्या (मोटरी चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या) पिनांना जोडतात. एक-दोन मोटरींना ते चालतं. पण दोन कॉईल मिळून एका मोटरीचे ३६ मिलिअँपिअर धरा. सहा मोटरी झाल्या की आर्डुइनोच्या चिपची २०० मिलिअँपिअरची एकूण मर्यादा ओलांडली जाते, काटे थरथरतात, स्टेप चुकतात, शेवटी चिप जाते. मधे एक्स१२.०१७ ही मोटरी चालवणारी ड्रायव्हर चिप लावा. एका चिपवर चार मोटरी बसतात.

काटा मोटर शून्यावर नेल्यानंतरच दाबून बसवा. आधी बसवलात तर शून्य कुठेतरी भलतीकडेच येतं. काटा हलका हवा, मागच्या शेपटीने तोललेला.

अल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाला, एक्स२७ चालत नाही, कारण आत थांबा आहे आणि मोठा काटा दर हजार फुटांना पूर्ण फेरी मारतो. तिथे २८बीवायजे-४८ ही स्टेपर मोटर घ्या. तिच्या एका फेरीला २०४८ स्टेप असं सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात गिअरचं प्रमाण ६४ पेक्षा किंचित कमी असल्याने सुमारे २०३८ पडतात. फरक दिसतो बारीक, पण दहा फेऱ्यांत काटा पन्नास फूट चुकतो. काट्याच्या दांडीवर छोटं चुंबक आणि समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावून दर फेरीला शून्य पकडा.

तबकड्यांसाठी गावातला लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर गाठा. काळ्या मॅट अॅक्रिलिकवर पांढरी शाई; इंकजेटपेक्षा कितीतरी ठसठशीत येते आणि दमट हवेत पसरत नाही.

चमकणाऱ्या आकड्यांबद्दल कळकळीने सांगतो: त्या काळच्या खऱ्या तबकड्या विकत घेऊ नका आणि हाती आलीच तर उघडू नका. त्यात रेडियमचा रंग असतो. आज तो चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड दमलेलं असतं. रेडियम मात्र जवळपास तेवढंच आहे, त्याचा अर्धायुष्यकाल १६०० वर्षांचा. सुटलेली भुकटी श्वासात जाणं हा खरा धोका. त्याऐवजी अंधारात चमकणारी स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची पावडर वापरा, पण पाण्याच्या वार्निशात मिसळू नका. ओलाव्याने ती फुटते आणि चमक जाते. एपॉक्सीत कालवा आणि वरून आणखी एक हात एपॉक्सीचाच द्या.

रंगकाम दिवाळीनंतर. श्रावणात एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारलात तर हवेतला ओलावा त्यात अडकून काळ्यावर पांढुरकी झाक येते. आधी अॅल्युमिनियमला धरून बसणारा एच (etch) प्रायमर, मग मॅट काळा, पातळ तीन हात.

स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतलेत तर किनाऱ्यालगत त्यांवर तांबूस डाग पडतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानांत ३१६ चे विचारा, आणि खाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर स्टीलभोवतीचं अॅल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं. होकायंत्राजवळ मात्र काळे केलेले पितळेचे स्क्रू. मूळ विमानातही तिथे चुंबकाला न लागणारा धातूच असे.

सगळ्यात शेवटी, काच बसवल्यावर, बारीक ब्रशने काचेच्या कडेवरून खालच्या कड्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढा. मूळ घड्याळांवर लाल-हिरव्या मर्यादेच्या खुणा काचेवर रंगवलेल्या असत. काच फिरली तर मर्यादाच खोटी ठरे, आणि ते कळायचं ही रेघ तुटलेली दिसली की. रेघ जेमतेम दीड मिमी रुंद असते.