तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन मोठं टाकण्याआधी बोटीचा तळ बघा

मी फायबरच्या बोटी बनवतो, दुरुस्त करतो, आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "इंजिन मोठं टाकलं की बोट अजून पळेल ना?" फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून आज नीट लिहितोय.

स्पीडबोट उभी असते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते, तिचं वजन पाणी तरंगवून धरतं. थ्रॉटल दिला की आधी तोंड वर येतं, मागचा भाग खाली दबतो, बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते, आणि इंजिन खरं दमतं ते इथे. हा चढ पार झाला की तळावर आपटणारं पाणी बोटीला उचलून धरतं आणि ती पाण्यावरून सरकायला लागते, यालाच प्लेनिंग म्हणतात. म्हणजे त्या वेळी बोटीचा भार पेलतो तो मागचा तळ, नाळ, म्हणजे पुढचं टोक, तर जवळजवळ हवेतच असते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, पुढून बोट कितीही देखणी असू दे, तुम्ही वाका आणि मागचे पाच-सहा फूट बघा.

तळ सपाट असेल तर बोट लवकर उचलते, पेट्रोल कमी खाते. देवबागला खाडीत फिरवायला १०-१२ अंशांचा व्ही (तळ मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना किती वर चढतो तो कोन) मस्त चालतो, पण तीच बोट दुपारी वारा सुटल्यावर बाहेर समुद्रात न्या, कंबर धरून बसाल. खोल व्ही लाट कापतो, धक्का मऊ होतो, पण उचल कमी मिळते, म्हणून ताकद जास्त लागते. १९६० च्या मायामी-नासाऊ मोटरबोट शर्यतीत रे हंट यांनी डिझाइन केलेली ३१ फुटी लाकडी बोट 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात पहिली आली ती या खोल व्हीच्या जिवावर, मागेसुद्धा सुमारे २४ अंश ठेवलेला. तेव्हापासून बाहेरच्या समुद्रातल्या वेगवान बोटींचा तळच बदलला. दोन्ही सुखं एकाच तळात मिळत नाहीत हो, आधी पाणी कुठलं ते ठरवा.

आता खरी गोष्ट. एकाची १८ फुटी बोट, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन काढून ९०चं बसवलं, एवढा खर्च केला आणि वेग वाढला जेमतेम तीन-चार किलोमीटर, वर बोट लाटेत तोंड खुपसायला लागली आणि वळताना मागून घसरायची. मी बोट उलटी करायला लावली, सहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) बाजूला ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून) पुढे लावली तर दोन टोकं टेकलेली आणि मध्ये फट! त्या फटीत एकावर एक आठ एटीएम कार्डं गेली, म्हणजे ६ मिलिमीटरचा खळगा. दिसायला काहीच नाही, पण पुढून आलेलं पाणी ट्रान्समपाशी त्या खाली वळलेल्या भागावर दाबतं, मागची बाजू वर उचलते, तोंड खाली जातं, आणि जितका वेग वाढवाल तितका हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ९०ची जादा ताकद तोंड पाण्यात दाबण्यातच जात होती. (उलट, तळ बाहेर फुगलेला असेल तर तोंड वर जातं आणि बोट बेडकासारखी उड्या मारत राहते.)

खळगा आला कुठून? पावसाळ्यात चार महिने बोट किनाऱ्यावर दोन ओंडक्यांवर, आणि मागचा ओंडका ट्रान्समच्या तीन फूट पुढे. इंजिनाचं वजन मागे लोंबकळतंय आणि ओंडका तळात रुततोय, दरवर्षी.

आम्ही फायबर आणि पुट्टीनं भरून लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासत तळ सरळ केला, ट्रान्समची खालची कड मात्र धारदारच ठेवली, ती गोल झाली की पाणी सुटत नाही, चिकटून मागे ओढतं. आता बोट अशी पळते की तो थ्रॉटल पाऊणच्या पुढे नेत नाही. या जूनला बोट ओढताना त्याचाच फोन, "ओंडका कुठे घालू?" म्हटलं, ट्रान्समच्या बरोब्बर खाली, आणि इंजिन काढून ठेव.