डॅक घेताना शेवटी रिमोटनंच निकाल लावला

आमचा अ‍ॅम्प्लिफायर जुना, स्पीकरही त्याच वयाचे, आणि दोन्ही ठणठणीत. पंचाईत एवढीच, की अ‍ॅम्पला मागे फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना लागतात आणि नव्या टीव्हीला तसलं सॉकेटच नाही. त्याचा आवाज बाहेर येतो तो ऑप्टिकलमधून, म्हणजे प्रकाशाच्या तारेतून, डिजिटल. लॅपटॉप हेडफोनच्या पिनेतून जोडता यायचा, पण माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक चरचर. तानपुरा लागलेला असताना ती फारच टोचायची. म्हणून डॅक, म्हणजे डिजिटल आवाज अ‍ॅम्पला चालेल अशा अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारा डबा, घ्यायचं ठरवलं.

वाचायला बसलो आणि चिपच्या नावांतच अडकलो. चिप बनवणाऱ्या कंपन्यांत ईएसएस की एकेएम? रूपांतराच्या पद्धतींत डेल्टा-सिग्मा की आर-टू-आर? एकाचा आवाज म्हणे उबदार, दुसऱ्याचा कोरडा. मग एक गोष्ट वाचनात आली: ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएमचा कारखाना जळाला, चिपांचा तुटवडा झाला आणि कित्येक कंपन्यांनी ईएसएसच्या चिपा घालून आपली यंत्रं पुन्हा बाजारात आणली. चिप हाच आवाजाचा आत्मा असता तर हे इतक्या सहज जमलं नसतं, असं मला वाटलं.

आकड्यांचंही तेच. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची. त्यातून सुमारे ९६ डेसिबलची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, मिळते. आमच्या हॉलमध्ये पंखा बंद केला तरी खालून रिक्षा जातेच! मग डॅकच्या जाहिरातींतले ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झ या खोलीत कुणासाठी?

तरी कानांनी खात्री करायची होती. एका मित्राकडे माझ्या बजेटच्या पाचपट किमतीचा डॅक आहे. तो आणि एक स्वस्तातला, दोन्ही आलटून पालटून लावले. महागडा लगेच सरस वाटला, तबल्याचा बायाँ भरदार, गळा पुढे. पण कागदपत्रं पाहिली तर महागड्याचं आउटपुट २.५ व्होल्ट, स्वस्ताचं २. म्हणजे जवळपास २ डेसिबलचा फरक, आणि जे जरा मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. मग १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावला, मल्टिमीटर एसीवर ठेवून त्याच्या सुया स्पीकरच्या टर्मिनलला टेकवल्या आणि दोघांचे व्होल्ट सारखे करून घेतले. साधे मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचे नसतात, म्हणून टोन मुद्दाम खालचा घेतला. त्यानंतर मित्र मागे तारा बदलत राहिला आणि मी डोळे मिटून सांगत राहिलो. मला ओळखता येईना. मग जागा बदलल्या, त्यालाही येईना. तो जरा गप्पच झाला.

आवाजाचा प्रश्न असा सुटल्यावर खरी निवड सुरू झाली, आणि ती आईनं सोपी केली. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटची लेव्हल बहुतेक वेळा कायम असते. आमच्याही टीव्हीच्या रिमोटनं व्हॉल्यूम हलत नव्हता. अ‍ॅम्पला रिमोटच नाही. "मालिकेत जाहिरात लागली की दर वेळी उठून बटण कोण पिळणार?" आईनं विचारलं. झालं. रिमोटवर व्हॉल्यूम असलेला, ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही घेणारा डॅक, एवढ्यावर यादी एकदम आखूड झाली. लॅमिंग्टन रोडवर दुकानदार "साहेब, ही चिप बघा" म्हणत होता आणि मी रिमोटची बटणं दाबून पाहत होतो.

घरी जोडला तर टीव्हीकडून आवाजच नाही. असे साधे डॅक फक्त पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, समजतात, आणि टीव्ही डॉल्बीचा दाबलेला प्रवाह पाठवत होता. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' केलं आणि बातम्या घुमू लागल्या. जुळवाजुळवीतला अर्धा वेळ यातच गेला, म्हणून मुद्दाम सांगतोय.

यूएसबीवरून चरचर गेली, पण लॅपटॉपला तीन पिनांचा चार्जर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण येते. हा अर्थिंगचा घोळ, ग्राउंड लूप. ऑप्टिकल तारेतून वीजच जात नाही, त्यामुळे टीव्हीला हा त्रास नाही. लॅपटॉपसाठी यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन यंत्रांमधला विजेचा जोड तोडणारी डबी, घ्यावा का, हे ठरलेलं नाही. सध्या चार्जर काढतो आणि बॅटरी असेपर्यंत ऐकतो.