तापीकाठी गाण्याचं सभागृह बांधायचं तर

तापीच्या दक्षिण काठाला, म्हणजे भुसावळ-जळगावच्या अंगाला जागा मिळाली तर मोठं सुदैव. नदी उत्तरेला येते, पलीकडे सातपुडा. नदीकडची काच आपोआप उत्तरेला पडते आणि दिवसभर मऊ उजेड मिळतो. मे-जूनमध्ये तेवढं मावळतीचं ऊन वायव्येकडून तिरपं घुसतं, त्यासाठी पश्चिम टोकाला उभ्या फळ्या लावाव्यात. यावल-चोपड्याच्या काठावर नदी दक्षिणेला येते. तिथे खोल ओसरीशिवाय काच लावूच नये.

आधी पूररेषा बघायच्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. सभागृह लाल रेषेच्या बाहेरच हवं. मधल्या पट्ट्यात दगडी पायऱ्या, करंज, जांभूळ, अर्जुन, उतारावर वाळा. वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की पाणी कुठवर चढतं, हे काठावरच्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारावं.

खरी अडचण उंचीची. माईकविना गाणं भरून यायला माणशी 8 घनमीटर हवा लागते. 500 खुर्च्यांना 4000 घनमीटर. रंगमंचासह जमीन 450 चौरस मीटर धरली तर छत जवळपास 9 मीटरवर जातं, म्हणजे तीन मजले. एवढी भिंत नदीच्या तोंडावर उभी केली की काठ मेला. म्हणून उंच भाग गावाकडे मागे सारायचा आणि नदीकडे 12 फूट उंचीची ओसरी व बैठकीची जागा ठेवायची. सगळं जमिनीत गाडायचा मोह होतो, पण पावसाळ्यात भूजल वर येतं आणि गळती कायमची मानगुटीवर बसते.

घुमार म्हणजे आवाज थांबल्यावर तो दालनात विरायला लागणारा वेळ. त्याचं गणित साधं आहे: 0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण, म्हणजे आवाज पूर्ण पिणाऱ्या पृष्ठभागाएवढं क्षेत्रफळ. शास्त्रीय गायनाला 1.4 सेकंद घुमार धरला तर 460 चौरस मीटर शोषण लागतं. त्यातलं सुमारे 250 नुसत्या 500 श्रोत्यांच्या अंगावर होतं. खुर्च्या लाकडी ठेवल्या आणि सभागृह रिकामं असलं तर उरतं 210, घुमार 3 सेकंदांवर जातो. सकाळी रिकाम्या दालनात लावलेला आवाज रात्री मग कामाचाच राहत नाही. म्हणून गादीच्या खुर्च्या घ्याव्यात, बैठकीला खालून भोकं असलेल्या, म्हणजे मिटलेली खुर्चीही माणसाएवढा आवाज पिते.

काळ्या मातीत पाया उथळ ठेवू नये. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि भिंतीला तडा जातो. त्याच तड्यातून बाहेरचा हॉर्न आत येतो. किमान साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत: दांडा 300 मिमी, फुगा 750 मिमी. प्लिंथ बीमखाली, म्हणजे भिंत पेलणाऱ्या जोत्याच्या तुळईखाली, 80 मिमी पोकळी सोडावी, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते.

छताचं पाणी थेट काठावरून सोडणं ही सगळ्यात महागडी चूक. 800 चौरस मीटर छतावर तासाभरात 50 मिमी पाऊस पडला तर 40,000 लिटर पाणी होतं. तापीकाठच्या गाळमातीत एवढ्यानं नवी घळ पडते आणि दरवर्षी मागे सरकत पायापर्यंत येते. दगडी पायऱ्यांच्या नालीनं ते जवळच्या नाल्यात उतरवावं.

एसीची हवा खुर्चीखालून, अगदी संथ सोडावी. जोरानं सोडली की तानपुऱ्याची आस, म्हणजे रेंगाळणारा झंकार, तिच्या सुसकाऱ्यात बुडते. भुसावळजवळ रेल्वेचा हादरा जमिनीतून येतो, तो भिंती जाड करून अडत नाही. आतलं दालन रबराच्या पॅडवर वेगळं ठेवावं लागतं, आणि खर्च बराच वाढतो. तेव्हा जागेचा व्यवहार करण्याआधी एक रात्र तिथे कंपनमापक लावून मालगाडी जाऊ द्यावी.