होल्टरसाठी एकवीस दिवस : बिजलीच्या हृदयाचा माझा अनुभव

"मशीन मोकळं झालं की कळवतो, मॅडम." हे मशीन म्हणजे होल्टर, अंगावर लावून २४ तास हृदयाचे ठोके नोंदवणारं. त्यासाठी हे वाक्य मी तीन आठवडे ऐकलं. आता वर्ष उलटून गेलं, तरी ते आठवलं की हात थरथरतात. जर्मन शेफर्डचं पिल्लू पाळणाऱ्या कुणावर ही वेळ आली, तर त्याचे किमान आठ-दहा दिवस तरी वाचावेत म्हणून हे लिहितेय.

बिजली आमच्याकडे कराडला आली तेव्हा दोन महिन्यांची होती. साडेपाच महिन्यांची झाल्यावर नसबंदीसाठी नेली. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग तो माझ्या कानाला लावून म्हणाले, "तुम्हीच ऐका." ठोका, ठोका, मध्येच एक घाईचा ठोका, आणि मग काहीच नाही. पुढचा ठोका येईपर्यंत माझाच श्वास अडकला होता. ईसीजी काढला तर दोन मिनिटांच्या पट्टीवर सात रुंद, वेडेवाकडे ठोके. ऑपरेशन तिथेच थांबवलं. पुण्याला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, ती अगदी नॉर्मल आली.

इको नॉर्मल म्हणजे सुटलो, असं घरात सगळ्यांना वाटलं. पण तसं नसतं. शेफर्डमध्ये महाधमनीच्या झडपेखालचा मार्ग जन्मतः अरुंद असण्याचा आजारही आनुवंशिक असतो. तो हृदयाच्या आवाजातल्या खरखरीवरून आणि इकोवर कळतो. बिजलीला होता तो वेगळा. यात हृदयाची रचना चांगली असते, बिघाड ठोके चालवणाऱ्या विजेच्या तालात असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉ. सिडनी मॉइझ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शेफर्डमधला हा आजार मांडला. तीन-चार महिन्यांच्या वयात जादा ठोके सुरू होतात, २४ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान सर्वात जास्त असतात, आणि दीड वर्षानंतर बहुतेकांमध्ये कमी होत जातात. बाहेरून काहीही दिसत नाही. पिल्लू खातं, पळतं, भुंकतं. ज्यांच्यात ठोक्यांच्या वेगवान माळा येतात, त्यातली काही पिल्लं झोपेत किंवा पळून आल्यावर विसावताना एकदम जातात.

बिजली त्या दिवशी २४ आठवड्यांची होती.

धोका किती, हे दोन मिनिटांच्या पट्टीवरून ठरत नाही. त्यासाठी २४ तासांचं होल्टर हवं. आमच्या डॉक्टरांकडे ते नव्हतं. माणसांसाठी होल्टर भाड्याने देणाऱ्या पुण्यातल्या एका केंद्राने "कुत्र्याला पण लावतो" म्हणून सांगितलं. पहिल्या फोनला उत्तर मिळालं, दोन दिवसांत. सहाव्या दिवशी, पेशंटकडे गेलंय. तेराव्या दिवशी त्यांनी बोलावलं म्हणून बिजलीला गाडीत घालून पहाटे निघालो, पुण्यात पोचलो, तर वायरचा संच दुरुस्तीला. मी काउंटरवर सांगत होते, "अहो, हिच्याकडे आठवडे मोजून आहेत." "पुढच्या आठवड्यात बघू" हेच उत्तर. तिथल्या कुणालाच हे कळत नव्हतं की या आजारात वाट बघणं म्हणजे नेमके सर्वात वाईट दिवस घालवणं.

त्या रात्री मी आणि हे आळीपाळीने जागलो. पहाटे तीन ते सहा मी बिजलीशेजारी सतरंजीवर, हात तिच्या बरगड्यांवर. झोपेत तिचे पाय हलायचे, ओठ थरथरायचे, मग एकदम सगळं शांत व्हायचं आणि मी दिवा लावायचे.

याच काळात ब्रीडरला फोन केला. तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, त्याच वेतातला एक नर सहा महिन्यांचा असताना सकाळी मेलेलाच सापडला. त्यांना वाटलं साप चावला." म्हणून सांगते, होल्टरच्याही आधी हा फोन करा. भावंडांचं विचारा, कोण झोपेत गेलं का ते नेमकं विचारा. आईबाप धडधाकट दिसतात यावर जाऊ नका. लहानपणी त्रास होऊन ते त्यातून बाहेर पडलेले असू शकतात. वारसा मात्र पिल्लांपर्यंत पोचतो.

एकविसाव्या दिवशी मशीन लागलं. बरगड्यांवरचे केस काढले, इलेक्ट्रोड चिकटवले, वर पट्टी, त्यावर माझ्या मुलाचा जुना टी-शर्ट. झोपली कधी, उठली कधी, पळाली कधी, सगळं वहीत वेळेसकट लिहिलं. ही वही फार कामाला आली. आणि मशीन लावून घरीच आणा. दवाखान्यात कुत्रं नीट झोपत नाही, आणि इथे झोपेतलीच नोंद सर्वात महत्त्वाची.

रिपोर्ट आला तो माझ्या नावावर. वय ४१. फॉर्ममध्ये प्राण्यासाठी जागा नाही म्हणून तसंच भरलेलं. "झोपेत ठोक्यांमध्ये २.८ सेकंदांचे विराम, तातडीने सल्ला घ्यावा." मी रडायलाच लागले. खरं तर झोपलेल्या निरोगी कुत्र्यात असे विराम असतातच, श्वासाबरोबर त्याचा ताल कमीजास्त होतो. शिवाय माणसांसाठीच्या सॉफ्टवेअरने काही ठिकाणी एकाच ठोक्याचे दोन मोजले होते. मूळ रेकॉर्डिंग मागितलं तर "रिपोर्ट दिलाय ना?" फाइल हातात पडायला आणखी चार दिवस आणि आमच्या डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र लागलं. मशीन ठरवतानाच विचारा, रेकॉर्डिंग वाचणार कोण? आणि पूर्ण फाइल मिळेल हे लिहून घ्या.

प्राण्यांच्या हृदयतज्ज्ञांनी ती फाइल पुन्हा वाचली. ६१२ जादा ठोके, बहुतेक पहाटेचे, पण वेगवान माळ एकही नाही. औषध नको, महिन्याने पुन्हा होल्टर. फोन ठेवला आणि मी बिजलीच्या मानेत तोंड खुपसून बसले. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती राहायला नको : कुणाच्या सांगण्यावरून सोटॅलॉल हे हृदयाच्या तालाचं औषध सुरू करू नका. या आजारात ते एकटं दिलं तर जादा ठोके वाढू शकतात. गरज पडली तर त्याला मेक्सिलेटिन या दुसऱ्या औषधाची जोड देतात.

पुढची होल्टरं तज्ज्ञांच्याच मशीनवर झाली, फोन केल्यापासून तिसऱ्या दिवशी. बिजली आता एकवीस महिन्यांची आहे. गेल्या महिन्यातल्या नोंदीत २४ तासांत ११ जादा ठोके. राहिलेली नसबंदी परवा झाली. ब्रीडरला तिन्ही रिपोर्ट पाठवले. त्या जोडीचं पुढचं वेत त्याने घेतलं नाही.